वडिलांच्या नावाची जमीन-घर आपल्या नावावर करताना: आधी सगळ्या वारसांची नावं लावा, मगच कमी करा

वारसाच्या कामात सगळ्यात जास्त होणारी चूक अशी: वडील गेले, भावांनी ठरवलं की बहिणींना कशाला मध्ये घ्यायचं, त्यांच्याकडून स्टँपवर ‘आम्हाला काही नको’ असं लिहून नोटरी करून घेतलं, वारसनोंदीत फक्त भावांचीच नावं दिली आणि सातबारा ‘क्लिअर’ झाला म्हणून सगळे मोकळे झाले. मग पंधरा वर्षांनी जमीन विकायला काढली की घेणाऱ्याचा वकील पहिला प्रश्न विचारतो, बहिणी किती? तोपर्यंत एखादी बहीण गेलेली असते, तिची मुलं पुण्याला नाहीतर दुबईला, आणि आता एक सही हवी तिथे पाच जणांच्या सह्या लागतात.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी वंशावळ, मग मालमत्तेची यादी, मग मृत्युपत्र आहे का ते बघणं, मग सगळ्या वारसांची नोंद, आणि त्यानंतर ज्याला हक्क सोडायचा आहे त्याचं रजिस्टर हक्कसोडपत्र. हा क्रम उलटा केला की काम अडकतं, आणि बहुतेक घरांत तो उलटाच केला जातो.

हे सगळं महाराष्ट्रातल्या मालमत्तेबद्दल आहे, आणि वाट्यांचा हिशोब हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे, जो हिंदूंबरोबर बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही लागतो. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी कुटुंबांत वाटे वेगळे पडतात, ऑफिसातल्या पायऱ्या साधारण याच. गोव्यात जमीन असेल तर मात्र हा लेख बाजूला ठेवा, तिथे पोर्तुगीज काळापासून आलेला नागरी कायदा आणि इन्व्हेंटरी प्रोसिडिंग असा वेगळाच मामला आहे, तिथलाच वकील गाठा.

## १. वंशावळ: तारखांसकट

तलाठ्याकडे जायच्या आधी घरी बसून एका कागदावर वंशावळ काढा. ज्याच्या नावावर मालमत्ता आहे तो सगळ्यात वर, खाली बायको, आई (हयात असेल किंवा त्याच्यानंतर वारली असेल तर), मुलगे, मुली, आणि जो जो गेलाय त्याच्या नावापुढे मृत्यूची तारीख. साल आठवून लिहू नका, दाखल्यावरची तारीख लिहा, कारण कोण आधी गेलं आणि कोण नंतर यावर वाटे बदलतात.

एक उदाहरण बघा. आजोबांनी स्वतःच्या पैशाने घेतलेली जमीन, मृत्युपत्र नाही, आजोबा गेले १९८७ ला. मागे आजी, दोन मुलगे, दोन मुली. म्हणजे पाच समान वाटे, प्रत्येकी १/५. आजी १९९६ ला गेली, तिचा १/५ चार मुलांत गेला, आता प्रत्येकाचा १/४ झाला. मोठी मुलगी २००३ ला गेली, मागे नवरा आणि एक मुलगा, तर तिचा १/४ या दोघांत, प्रत्येकी १/८. धाकटा मुलगा २०१० ला गेला, मागे बायको आणि दोन मुलं, तिघांना प्रत्येकी १/१२. म्हणजे आज सातबाऱ्यावर सात नावं यायला पाहिजेत: एक मुलगा, एक मुलगी, जावई, नातू, सून आणि तिची दोन मुलं.

आता यात तीन ठिकाणी हमखास घोळ होतो.

पहिला, जावई. वारलेल्या मुलीचा हिस्सा तिच्या मुलांबरोबर नवऱ्यालाही जातो, हे ऐकून लोक चमकतात. पण मूल असेल तर तसंच आहे. तिला मूलबाळ किंवा नातवंडंच नसतील तर माहेरकडून वारसाने आलेली मालमत्ता नवऱ्याकडे न जाता तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत येते.

दुसरा, आई. मुलगा आईच्या आधी गेला तर त्याची आई पहिल्या वर्गातली वारस असते, बायको-मुलांच्या बरोबरीची. वडील मात्र पहिल्या वर्गात येत नाहीत. वरच्या उदाहरणात आजी २०१० नंतर गेली असती तर धाकट्या मुलाच्या वाट्यातही तिचा एक वाटा निघाला असता आणि पुढचे सगळे आकडे बदलले असते.

तिसरा, आधीच वारलेल्या मुलाची बायको-मुलं. ‘तो तर बापाच्या आधी गेला, मग त्याच्या पोरांचा काय संबंध’ असं बिनधास्त बोललं जातं. संबंध आहे. तो असता तर जो वाटा मिळाला असता तो त्याच्या बायको-मुलांना मिळतो.

तपासा: वंशावळीतल्या प्रत्येक मयत माणसाचा मृत्यू दाखला हातात आहे का? जुन्या काळी खेड्यात मृत्यूची नोंदच झालेली नसते. एक वर्षाच्या वर उशीर झालेल्या नोंदीला जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, त्याला वेळ जातो, म्हणून हे काम पहिल्यांदा सुरू करा. आणि दाखल्यावरचं नाव, सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळवून बघा. ‘गणपत’ आणि ‘गणू’ एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवलं तर नंतर सर्कलकडून (म्हणजे मंडळ अधिकाऱ्याकडून) अर्ज परत येत नाही.

सावधान: वंशावळीतून एक जरी वारस मुद्दाम गाळला आणि खाली शपथेवर सही केली तर ते खोटं प्रतिज्ञापत्र होतं. ‘सगळेच करतात’ हे पुढे कोर्टात चालत नाही.

## २. मालमत्तेची यादी, आणि कुठली कुठल्या ऑफिसात

लोक एकच मोठी फाईल घेऊन तलाठ्याकडे जातात आणि मग कळतं की निम्मी मालमत्ता त्याच्याकडची नाहीच. यादी अशी फोडा:

- शेतजमीन: सातबारा आणि ८ अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा). काम ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (म्हणजे आपला तलाठीच, पदाचं नाव बदललंय) आणि मंडळ अधिकाऱ्याकडे, ज्याला सगळे सर्कल म्हणतात.
- सिटी सर्व्हे झालेली जागा, वाडा, गावठाणातलं घर: मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. काम भूमी अभिलेख किंवा नगर भूमापन कार्यालयात.
- सिटी सर्व्हे न झालेलं गावातलं घर: ग्रामपंचायतीचा नमुना ८. हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. घरपट्टी आणि लाईटबिल नावावर आलं म्हणून घर नावावर झालं असं होत नाही.
- सोसायटीतला फ्लॅट: शेअर सर्टिफिकेट, अ‍ॅग्रीमेंट, इंडेक्स टू (रजिस्टर दस्ताचा सारांश उतारा).
- बँक, एफडी, शेअर, विमा, पीएफ, लॉकर: प्रत्येकाचं वेगळं.

शेतीचा आजचा सातबारा काढून थांबू नका. त्यावर खाली जे फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) नंबर असतात ते एकेक काढून मागे मागे जा, गट नंबर पडायच्या आधीचा जुना सर्व्हे नंबर सापडेपर्यंत. हे कंटाळवाणं आहे पण खरी गोष्ट तिथेच सापडते. दोन खुणा खास शोधा. एक, नावाच्या आधी किंवा नंतर ‘ए.कु.मॅ.’ असं लिहिलेलं. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, थोरल्या भावाचं नाव सगळ्यांच्या वतीने लागलंय, तो एकटा मालक नाही. दुसरी, ‘अ.पा.क.’, अज्ञान पालन कर्ता, म्हणजे त्या वेळी वारस लहान होता. तो लहान वारस आज साठ वर्षांचा असतो आणि नोंद तशीच असते. या दोन्ही गोष्टींसाठी आधी वेगळा अर्ज करून दुरुस्ती करून घ्या. ए.कु.मॅ. असलेला माणूस वारला आणि फक्त त्याच्याच मुलांनी वारसनोंद केली तर बाकीच्या चुलत्यांचा हक्क कागदावरून गायब होतो, आणि भावकीतले निम्मे दावे असेच सुरू होतात.

हाताने लिहिलेला सातबारा कॉम्प्युटरवर चढवताना नाव, क्षेत्र किंवा आणेवारी (कुणाचा हिस्सा किती) चुकली असेल तर ती लेखनचूक म्हणून महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीला टाका. ही दुरुस्ती वारसनोंदीच्या आधी, नंतर नाही.

इतर हक्काच्या रकान्यात सोसायटीचं पीककर्ज, बँकेचा बोजा, कुळाचं नाव आहे का बघा, आणि जमीन भोगवटादार वर्ग-२ आहे का तेही. वर्ग-२ असली तरी वारसनोंद होते, पण पुढे विकायला परवानगी लागते.

‘वडिलोपार्जित’ की ‘स्वकष्टार्जित’? या शब्दांवरून घरात भांडणं होतात, त्यामुळे थोडं नीट. वडिलांनी स्वतः घेतलेली मालमत्ता त्यांची एकट्याची, ती ते कुणालाही देऊ शकतात. आणि १९५६ नंतर वारलेल्या बापाकडून वारसाने मुलाच्या वाट्याला जी स्वकष्टाची मालमत्ता येते ती त्या मुलाची स्वतःची होते, तिच्यात नातवाला जन्मतः हक्क मिळत नाही. ‘आजोबांची जमीन आहे म्हणजे माझा जन्मतःच वाटा आहे’ हे वाक्य म्हणूनच प्रत्येक वेळी खरं नसतं. खरोखर एकत्र कुटुंबाची मालमत्ता असेल तर ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलीलाही मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे, आणि वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही, हे सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलंय. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली खरी वाटणी किंवा विक्री त्यातून सुटते. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत वाट्यांचा हिशोब वरच्या उदाहरणासारखा सरळ निघत नाही, तो वकिलाकडून लिहून घ्या.

## ३. मृत्युपत्र आहे का, आणि असेल तर काय करायचं

कपाट, लॉकर, बँकेची फाईल, वडिलांचा नेहमीचा वकील, सगळीकडे शोधा. रजिस्टर केलेलं असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात नक्कल मिळते. मृत्युपत्र सापडलं तर स्टेपल, टाचणी काही काढू नका, ओरिजनलला लॅमिनेशन तर अजिबात नाही.

मग तीन गोष्टी बघा: करणाऱ्याची सही किंवा अंगठा, दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि ते साक्षीदार आज हयात आहेत का. दोन साक्षीदार नसतील तर ते मृत्युपत्रच नाही. रजिस्टर नसलं तरी चालतं, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाहीये.

प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, लागतं का? आत्तापर्यंतचा नियम असा होता की मृत्युपत्र मुंबईत केलेलं असेल किंवा मालमत्ता मुंबई शहराच्या हद्दीतली असेल तर हिंदू कुटुंबाला प्रोबेटशिवाय कोर्टात हक्क सांगता येत नव्हता. पुण्या-नाशिकला हे लागू नव्हतं, तरी लोकांना तिथेही प्रोबेट आणायला पाठवलं जायचं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय वारसा कायद्यातलं हे सक्तीचं कलम २१३ काढून टाकलं. पण सक्ती गेली म्हणजे प्रोबेट गेलं असं नाही. कोणी वारस मृत्युपत्राला विरोध करतोय, किंवा मोठी रक्कम, मोक्याची जागा, परदेशातले वारस असं काही असेल तर मी म्हणेन प्रोबेट घ्याच, कारण कोर्टाने एकदा मृत्युपत्र खरं धरलं की तो विषय संपतो. आणि तुमचं प्रकरण आधीच कोर्टात चालू असेल तर नवीन बदल वाचून स्वतःच्या मनाने ते काढून घेऊ नका, वकिलाला विचारा.

प्रोबेटसाठी ओरिजनल मृत्युपत्र, मृत्यू दाखला, मालमत्तेची किमतीसकट यादी, निदान एका साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र आणि सगळ्या वारसांचे चालू पत्ते लागतात, कारण कोर्ट त्यांना नोटीस काढतं. मृत्युपत्रात व्यवस्थापक (मृत्युपत्र अमलात आणणारा, एक्झिक्युटर) नेमला असेल तर प्रोबेट त्याला मिळतं. नेमलाच नसेल तर प्रोबेट नाही, मृत्युपत्र जोडून लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन (मालमत्तेचा कारभार बघायचं कोर्टाचं अधिकारपत्र) मागावं लागतं. इथे चुकीचा अर्ज टाकून सहा महिने घालवणारे खूप.

सावधान: मृत्युपत्र आहे म्हणून बहिणींना नोटीस जाणार नाही असं समजू नका. मृत्युपत्रावरून फेरफार घातला तरी हितसंबंधितांना नोटीस जाते, आणि कोणी हरकत घेतली तर मृत्युपत्र खरं की खोटं हे सर्कल ठरवू शकत नाही, ते दिवाणी कोर्टाचं काम. तिथे जाऊन तलाठ्याशी वाद घालण्यात काही अर्थ नसतो.

## ४. शेतजमिनीची वारसनोंद

मृत्युपत्र नसेल तर इथे या. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत कळवायचं असं कायदा म्हणतो, पण उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, चाळीस वर्षांनीही नोंद होते. सरकारने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली ती अशा मयतांच्या नावावर राहिलेल्या जमिनींसाठीच.

पायरी अ. अर्ज. ऑनलाइन करायचा तर ई-हक्क प्रणालीतून, नाहीतर तलाठ्याकडे लेखी. सोबत मृत्यू दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, सगळ्या वारसांची नावं, वयं, नातं, पत्ते, ओळखपत्रं, रेशनकार्ड, सातबारा आणि ८ अ. एकाच तालुक्यात तीन गावांत जमीन असेल तर तिन्ही गावांच्या तलाठ्यांकडे वेगवेगळे अर्ज करायला लागतात, हे शेवटी कळतं आणि एक गाव राहून जातं. लेखी अर्ज दिला तर पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासकट.

पायरी आ. तलाठी गावात चौकशी करतो आणि वारसांची नावं गाव नमुना ६-क, म्हणजे वारस नोंदवहीत घेतो. इथेच जाऊन नावं वाचा. एक नाव राहिलं किंवा स्पेलिंग चुकलं तर दुरुस्तीची सगळ्यात सोपी वेळ हीच.

पायरी इ. मग फेरफार नोंदवहीत (नमुना ६) नोंद पडते, फेरफार नंबर मिळतो, हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस थांबतात. महसूल खात्याच्या ‘आपली चावडी’ वेबसाइटवर गाव टाकून ही नोटीस घरबसल्या बघता येते. गावाबाहेर राहणाऱ्यांनी, आणि खास करून बहिणींनी, ही सवय लावून घ्या.

पायरी ई. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावर नावं येतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं, सुनावणी लागते. निकाल पटला नाही तर प्रांताकडे ६० दिवसांत अपील.

तपासा: नावं लागली की डिजिटल सहीचा नवीन सातबारा काढा (१५ रुपये), आणि प्रत्येक नाव, क्षेत्र, गट नंबर वंशावळीशी पडताळा. फेरफार मंजूर झाला पण सातबाऱ्यावर अंमल आलाच नाही, असंही होतं.

आणि एक गोष्ट डोक्यात पक्की करा. सातबाऱ्यावर नाव असणं म्हणजे अंतिम मालकी नाही. ती नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, एवढंच. नाव नाही म्हणून बहिणीचा हक्क बुडत नाही आणि नाव आहे म्हणून भावाचा वाढत नाही.

## ५. फ्लॅट आणि प्रॉपर्टी कार्ड

प्रॉपर्टी कार्डाचं काम साधारण वारसनोंदीसारखंच, फक्त ऑफिस भूमी अभिलेखाचं. सोसायटीच्या फ्लॅटवर जरा थांबू, कारण तिथला नॉमिनीचा गैरसमज फार महागात पडतो.

नॉमिनी मालक नसतो. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १५४ब-१३ प्रमाणे सभासद वारला की नॉमिनीला तात्पुरता सभासद करतात, खरे वारस किंवा मृत्युपत्राप्रमाणे ज्याचा हक्क तो सभासद होईपर्यंत. वडिलांनी थोरल्याला नॉमिनी केलं म्हणून फ्लॅट थोरल्याचा झाला असं सोसायटीचे सेक्रेटरीच सांगतात कधीकधी, ते ऐकू नका.

कायमचा सभासद व्हायला सोसायटी मृत्युपत्र, कोर्टाचा सक्सेशन किंवा वारस दाखला, नाहीतर सगळ्या वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त यातलं काहीतरी मागते. नॉमिनेशन नसेल तर पेपरात जाहीर नोटीस, हरकतींची मुदत, इंडेम्निटी बाँड (नुकसान झालं तर भरून देण्याची हमी) असं सगळं करायला लागतं. वारसांत एकमत असेल तर माझ्या मते सगळ्यात सुटसुटीत रस्ता म्हणजे एकाच्या नावे बाकीच्यांचं रजिस्टर हक्कसोडपत्र आणि ते घेऊन सोसायटीत जाणं.

सावधान: शेअर सर्टिफिकेटवर नाव चढलं की काम झालं असं वाटतं, पण विकताना घेणाऱ्याची बँक वारसांची साखळी मागते. बाकीच्या वारसांचा रजिस्टर दस्त नसेल तर घेणाऱ्याचं लोन तिथेच थांबतं.

## ६. कोर्टाचा कुठला दाखला कशाला

सक्सेशन सर्टिफिकेट पैशासाठी: एफडी, शेअर, बाँड, येणी. घर-जमिनीच्या मालकीसाठी ते नाही. घर-जमिनीसाठी जुन्या मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या रेग्युलेशनखाली दिवाणी कोर्टाचा वारस दाखला मिळतो. आणि सेतूत केलेलं वारसाचं प्रतिज्ञापत्र या दोन्हीच्या जागी चालत नाही. कुठला कागद पाहिजे ते आधी त्या ऑफिसकडून लेखी मागून घ्या, मग कोर्टात अर्ज करा. घरात सगळ्यांचं पटत असेल तर शेतजमिनीला बहुतेक वेळा कोर्टाचा कागद लागतच नाही, उगाच वकिलाची फी घालवू नका.

## ७. आता हक्कसोड किंवा वाटणी

सगळ्यांची नावं लागली. आता ज्याला सोडायचंय त्याने सोडावं, ज्यांना वाटून घ्यायचंय त्यांनी वाटावं.

हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर झालंच पाहिजे. नोटरीवाल्या संमतीपत्राने किंवा तलाठ्यापुढच्या जबाबाने जमिनीतला हक्क सुटत नाही. वारसाने आलेला हिस्सा भाऊ, बहीण, आई-वडील, नवरा-बायको, मुलं यांच्या नावे विनामोबदला सोडला तर मुद्रांक नाममात्र असतो, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये. म्हणजे काही हजारांच्या खर्चासाठी लोक नोटरीवर भागवतात आणि पुढे लाखांचा दावा लढतात.

इथल्या नेहमीच्या चुका:

- वडील हयात असतानाच मुलीकडून त्यांच्या स्वकष्टाच्या मालमत्तेचं हक्कसोडपत्र घेणं. तेव्हा तिला हक्कच आलेला नसतो, मग ती सोडणार काय?
- दस्तात ‘विनामोबदला’ आणि त्याच आठवड्यात बहिणीच्या खात्यात चेक. मोबदला असेल तर तसं लिहा आणि त्याप्रमाणे मुद्रांक भरा.
- कोणाच्या नावे सोडला ते मोघम लिहिणं. दोन भाऊ आहेत आणि हक्क फक्त धाकट्याला द्यायचाय तर त्याचं नाव स्पष्ट पाहिजे.
- अल्पवयीन वारसाचा हक्क आईने परस्पर सोडणं. कोर्टाच्या परवानगीशिवाय केलेला असा दस्त ते मूल मोठं झाल्यावर रद्द करून घेऊ शकतं.
- एक गट नंबर दस्तात लिहायचा राहणं. ८ अ समोर ठेवून एकेक नंबरवर टिक करा.

बहीण परदेशात असेल तर तिने तिथल्या भारतीय दूतावासात कुलमुखत्यारपत्र करून पाठवायचं, त्यात हक्कसोड करण्याचा आणि रजिस्ट्रेशनचा अधिकार शब्दांत लिहिलेला हवा, आणि कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याचा मुद्रांक भरायचा. ‘सर्व कामांसाठी’ असं ढोबळ मुखत्यारपत्र आणलं की रजिस्ट्रार परत पाठवतो.

सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदवायचा. नोंदला की माहिती ऑनलाइन तलाठ्याकडे जाते, परत फेरफार, परत पंधरा दिवस. तो प्रमाणित झालाय का ते तुम्हीच बघायचं, कोणी फोन करून सांगत नाही.

वाटणी तीन रस्त्यांनी होते. सगळे राजी असतील तर शेतजमिनीसाठी तहसीलदाराकडे महसूल संहितेच्या कलम ८५ चा अर्ज, किंवा रजिस्टर वाटणीपत्र. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करायचा निर्णय मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये घेतला, त्यामुळे आता हा रस्ता टाळायचं कारण उरलेलं नाही. एकजण जरी अडून बसला तर दिवाणी कोर्ट.

वाटणी करताना तुकडेबंदी बघा. बऱ्याच जिल्ह्यांत २०२३ पासून बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे असं प्रमाणभूत क्षेत्र आहे, त्याखाली तुकडा पाडता येत नाही. बारा गुंठे बागायत चार भावांत वाटायची असेल तर ती एकाने ठेवून बाकीच्यांना दुसरीकडे भरपाई द्यावी असाच विचार करावा लागतो. आणि रस्ता, विहीर, बोअर, मोटारीचं कनेक्शन यांचं काय ते वाटणीपत्रातच लिहा, पाळी कोणाची कधी इथपर्यंत. जमिनीच्या हद्दीवरून जेवढी भांडणं होत नाहीत तेवढी विहिरीच्या पाण्यावरून होतात. वाटणीनंतर पोटहिस्सा मोजणी करून हद्दीचे दगड बसवून घ्या, नाहीतर कागदावर वाटा आणि बांधावर वाद.

## ८. तुमच्यानंतर हे सगळं परत होऊ नये म्हणून

स्वतःचं मृत्युपत्र करायला साठी लागत नाही. साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही. पण करताना:

1. मालमत्ता गट नंबर, सिटी सर्व्हे नंबर, फ्लॅट नंबर, खाते नंबरसकट लिहा. ‘माझी सर्व इस्टेट’ एवढ्यावर सोडू नका, मात्र शेवटी राहिलेल्या मालमत्तेसाठी एक ओळ टाका.
2. फक्त स्वतःचा हिस्सा द्या. एकत्र जमिनीतला भावाचा हिस्सा मृत्युपत्राने देता येत नाही, तरी लोक देतात.
3. ज्याला काही द्यायचं नाही त्याचं नाव आणि कारण लिहा. नाव गाळलं की ‘विसरले होते, डोकं ठिकाणावर नव्हतं’ असा मुद्दा निघतो.
4. साक्षीदार दोन, तुमच्यापेक्षा तरुण, आणि ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळत नाही असे. वय जास्त असेल तर त्याच दिवसाचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा.
5. व्यवस्थापक नेमा, आणि तो आधी गेला तर दुसरा कोण तेही.
6. रजिस्टर करा. सक्ती नाही, पण कागद गहाळ झाला तर नक्कल मिळते आणि खोटी सही म्हणणाऱ्याला जड जातं.

मग नॉमिनेशन मृत्युपत्राशी जुळवून घ्या. फ्लॅट मुलीला आणि नॉमिनी मुलगा असं ठेवलं तर तुम्हीच भांडण पेरताय. बँकेच्या खात्याला १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात, एफडीला टक्केवारीनेही, तेव्हा जुना एकच नॉमिनी, तोही वारलेला, असं असेल तर बँकेत जाऊन बदला.

हयातीतच बक्षीसपत्राने घर मुलांच्या नावे करून टाकायचा सल्ला खूप जण देतात. मुद्रांक कमी असला तरी एकदा रजिस्टर बक्षीस दिलं की सहज परत घेता येत नाही, मृत्युपत्र मात्र मरेपर्यंत कितीदाही बदलता येतं. राहतं घर तरी बक्षीस देऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, आणि द्यायचंच असेल तर तुम्ही आणि तुमच्या जोडीदाराने हयातभर राहण्याचा हक्क दस्तात लिहून घ्या.

मृत्युपत्र केल्यानंतर एखादी जमीन विकली, नवीन घेतली, कोणी वारलं किंवा सून-जावई बदलले तर नवीन मृत्युपत्र करा, त्यात ‘आधीचं अमुक तारखेचं रद्द’ असं लिहा आणि जुन्याच्या झेरॉक्स घरातून गोळा करून फाडा. ओरिजनल कुठे ठेवलंय ते व्यवस्थापकाला सांगा, आणि ते एकट्या नावाच्या लॉकरमध्ये ठेवू नका, कारण तो लॉकर उघडायलाच आधी वारसांचे कागद मागतात.